गावची शाळा मागे, शहरातली पुढे? ठरवण्याआधी हे बघा

दहावीचा निकाल लागला की पुण्यात सोसायटीच्या ग्रुपवर गाव विरुद्ध शहर सुरू होतं. तुलना जरूर करा पण नीट करा.

पहिलं म्हणजे पास टक्केवारीवर जाऊ नका. बोर्डाच्या नऊ विभागांत कोकण वर्षानुवर्षं पहिला येतो, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग म्हणजे बहुतेक खेडीच की. शिवाय आठवी-नववीत शाळा सोडलेलं पोर त्या टक्केवारीत येतच नाही.

मग शाळा कुणाची ते बघा. शहराच्या सरासरीत कोथरूडची महागडी इंग्लिश मीडियम पण असते आणि आई धुणीभांडी करते अशा पोरांची मनपाची शाळा पण. मुळशीतल्या झेडपी शाळेची तुलना त्या मनपा शाळेशी करा, फरक बराच कमी दिसू शकतो, कारण अर्धा खेळ घरचं शिक्षण आणि क्लासच्या फीचा असतो (हे ग्रुपवर कुणाला आवडत नाही).

पट आणि शिक्षक तर विचाराच. २००९ च्या आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला ६० पर्यंत पटाला दोनच शिक्षक, म्हणजे वेल्ह्याच्या एखाद्या वाडीत एकच बाई फळ्याचे दोन भाग करून डावीकडे दुसरीची बेरीज आणि उजवीकडे तिसरीचा गुणाकार लिहितात, आणि दुसरे गुरुजी मीटिंगला किंवा निवडणुकीच्या कामाला गेले की उरलेले वर्ग पण त्यांच्याच गळ्यात. शहरातल्या मोठ्या शाळेत प्रत्येक तुकडीला वेगळी बाई असते. यात पोराच्या डोक्याचा काय संबंध?

आकडे हवेत तर २०२१ च्या नॅसचा (पोरांना किती येतं ते तपासणारा केंद्र सरकारचा सर्व्हे) जिल्हा रिपोर्ट काढा, त्यात ग्रामीण-शहरी वेगळं दिलंय, तिसरी, पाचवी, आठवी, दहावीचं. २०२४ च्या परखमध्ये (त्याच प्रकारचा पुढचा सरकारी सर्व्हे) तिसरी, सहावी, नववी आहे, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून 'घसरण झाली' म्हणू नका. प्रथम या संस्थेचा असर नावाचा रिपोर्ट २००५ पासून येतो पण तो गावांचा सर्व्हे आहे, त्यातून शहर पुढे असं काहीच निघत नाही.

असरची पद्धत मात्र उचला. दुसरीच्या पुस्तकातली गोष्ट मोठ्याने वाचायला द्या, मग ४१ मधून १८ अशी हातच्याची वजाबाकी, मग तीन अंकी संख्येला एक अंकी भागाकार. घाई नको, मध्ये सांगू नका, एकेका पोराला वेगळं बसवा. आणि सुरुवात गावच्या पोरापासून नाही, सोसायटीतल्या पाचवीवाल्यांपासून करा.