छातीवर मुका मार: हृदय तपासताना या चुका टाळा

स्टिअरिंग छातीवर आदळलेला किंवा दुचाकीचं हँडल छातीत बसलेला रुग्ण कॅज्युअल्टीत आला की नजर आधी बरगड्यांवर जाते. एक्स-रेत फ्रॅक्चर दिसलं नाही की दुखण्याची गोळी देऊन घरी पाठवतात. माझ्या मते हीच सगळ्यात घातक चूक. बरगड्या शाबूत असूनही हृदयाला मार बसलेला असू शकतो, मुलांत तर विशेषच, कारण त्यांच्या बरगड्या लवचिक असतात. उलट, छातीचं मधलं हाड मोडलं म्हणजे हृदयही दुखावलं, असंही नाही.

दुसरी चूक म्हणजे फक्त ईसीजी किंवा फक्त ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) बघणं. दोन्ही करा. अमेरिकेतल्या ‘ईस्ट’ या ट्रॉमा संघटनेनं २०१२मध्ये सांगितलंय की दोन्ही नॉर्मल असतील तर हृदयाची इजा नाही असं धरता येतं. रुग्ण धडकेनंतर लगेच आला असेल तर ४ ते ६ तासांनी ट्रोपोनिन पुन्हा बघावा. ईसीजीत नवा दोष दिसला तर मॉनिटर लावून २४ तास ठेवा. सीपीके-एमबी ही हृदयासाठीची जुनी रक्तचाचणी मागवू नका; इतर स्नायूंना मार लागला तरी तो वाढतो.

बीपी पडलं की सलाईन जोरात सोडून सगळे पोटात रक्तस्राव शोधू लागतात. तो शोधायलाच हवा, पण सोनोग्राफीचा प्रोब छातीच्या हाडाच्या टोकाखाली ठेवून हृदयाभोवती रक्त साचलंय का तेही त्याच वेळी बघा. मानेच्या शिरा फुगलेल्या नाहीत म्हणून टॅम्पोनाड (साचलेल्या रक्तानं हृदय दाबलं जाणं) नाही, असं समजू नका. रक्त बरंच गेलं असेल तर त्या फुगतच नाहीत. आणि डाव्या छातीत रक्त भरलेलं असेल तर स्वच्छ सोनोग्राफीवरही विसंबू नका: हृदयाचं आवरण फाटून रक्त तिकडे निसटलेलं असू शकतं. सुईनं रक्त काढल्यानं थोडा वेळ मिळतो, गोठलेलं रक्त तर सुईत येतच नाही. म्हणून सर्जनला आधीच फोन करा.

ईसीजीत एसटी हा भाग वर गेलेला, म्हणजे हार्ट अटॅकसारखा बदल, दिसला की घाईनं रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देऊ नका. ताज्या जखमांत ते जिवावर बेतू शकतं. छातीत आधी दुखलं की आधी धडक बसली, म्हणजे हार्ट अटॅकमुळे अपघात झाला की कसं, हे नातेवाइकांना विचारा आणि हृदयरोगतज्ज्ञांना बोलवा.

मैदानावर लेदर बॉल छातीवर लागून मुलगा कोसळला, तर पाणी पाजू नका. श्वास नसेल तर लगेच छाती दाबायला लागा, १०८ला फोन करायला दुसऱ्याला सांगा आणि एईडी (हृदयाला शॉक देणारं यंत्र) मागवा.

घरी सोडताना धडधड, चक्कर, दम लागणं यातलं काहीही झालं तर रात्री-अपरात्रीही परत यायचं, हे कागदावर मराठीत लिहून द्या.