सिकलसेलची तपासणी कशी करून घ्यावी, अहवाल कसा वाचावा आणि घरी काय सांभाळावं

मी शहादा तालुक्यात विज्ञान शिकवतो. काही वर्षांपूर्वी सातवीतला एक मुलगा दर दीड-दोन महिन्यांनी शाळा बुडवायचा. विचारलं की एवढंच म्हणायचा, "सर, हाडं दुखतस." मी ते शाळा टाळायचं निमित्त समजलो आणि दोनदा त्याला वर्गाबाहेर उभं केलं. पुढे आरोग्य पथकाने शाळेत सगळ्यांची रक्ततपासणी केली, तेव्हा त्याचा अहवाल आला: एसएस, म्हणजे सिकलसेलचा रुग्ण. त्याच्या दुखण्यात खोटं काहीच नव्हतं. ती गोष्ट माझ्या मनातून गेलेली नाही, म्हणून हा लेख.

नंदुरबार जिल्हा, धुळ्यातला साक्री-शिरपूरचा पट्टा आणि जळगावातले सातपुड्याच्या पायथ्याचे चोपडा, यावल, रावेर हे तालुके या भागात सिकलसेल सापडतो. भिल्ल, पावरा, कोकणा, मावची समाजांत तो जास्त आढळतो, पण "आमच्यात नसतो" असं कुणीच छातीठोकपणे म्हणू नये. शेवटी रक्त तपासूनच कळतं.

आधी आजार समजून घ्या

रक्ताचा लाल रंग हिमोग्लोबिनमुळे येतो. फुप्फुसांतून ऑक्सिजन उचलायचा आणि अंगभर पोचवायचा हे त्याचं काम. त्याच्या एका साखळीत 146 अमिनो आम्लं ओळीने जोडलेली असतात. सिकलसेलमध्ये त्यांतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. बदल फक्त एवढाच, पण त्यामुळे ऑक्सिजन सोडून दिला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून काड्यांसारखं ताठ होतं. मग हिमोग्लोबिन वाहणारी गोल, लवचिक लाल पेशी वाकून इळ्यासारखी होते. निंदणी-कापणीला आपण जो इळा वापरतो, अगदी तसाच आकार.

अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि तिथे भयंकर कळा येतात. शिवाय निरोगी लाल पेशी सुमारे 120 दिवस जगते, तर ही 10 ते 20 दिवसांतच फुटते. म्हणून अंगात रक्त कायम कमी असतं आणि डोळे पिवळसर दिसतात. पुष्कळदा घरचे याला कावीळ समजून झाडपाल्याच्या मागे लागतात.

हा आजार जन्मजात असतो. उष्टं खाल्ल्याने, एका अंथरुणात झोपल्याने किंवा रक्ताला हात लागल्याने तो होत नाही. नजर लागणं किंवा बाहेरची बाधा यांचाही त्याच्याशी संबंध नाही. भगताकडे जाऊन मनाला धीर येत असेल तर जरूर जा, पण दवाखान्यात आधी जा.

पहिली पायरी: साधी तपासणी

गावातल्या आशाताईंना विचारा किंवा थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. ही तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. आदिवासी भागातल्या 40 वर्षांपर्यंतच्या सुमारे 7 कोटी लोकांची तपासणी हे तिचं उद्दिष्ट ठरलं होतं. त्यामुळे शाळेत किंवा गावात पथक आलं तर शेतात पळून जाऊ नका.

बोटातून रक्ताचा थेंब घेतात. नेहमीची पद्धत सोल्युबिलिटीची. एका द्रावणात रक्त टाकून नळीमागे रेघा असलेला कागद धरतात. रेघा स्वच्छ दिसल्या तर निगेटिव्ह आणि द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. उपाशीपोटी जायची गरज नाही.

या तपासणीच्या मर्यादा मात्र ध्यानात ठेवा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचं उत्तर यात भरवशाचं नसतं, कारण त्याच्या रक्तात अजून गर्भातलं हिमोग्लोबिन भरपूर असतं. रक्त फारच कमी असलेल्या माणसाचं उत्तरही चुकून निगेटिव्ह येऊ शकतं. गेल्या तीन महिन्यांत रक्ताची बाटली चढवली असेल तर ते आधीच सांगा, नाहीतर दात्याच्या रक्ताचीच तपासणी होऊन बसेल.

दुसरी पायरी: पॉझिटिव्ह आलं तर तिथेच थांबू नका

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह आली म्हणजे रक्तात एस, म्हणजे सिकलसेलचं, हिमोग्लोबिन आहे इतकंच ठरतं. माणूस वाहक (स्वतः निरोगी, पण मुलांना आजार देऊ शकणारा) आहे की आजारी, हे त्यातून कळत नाही. मी अशी घरं पाहिली आहेत की 'पॉझिटिव्ह' हा एक शब्द ऐकून धडधाकट वाहक मुलीचं शिक्षण थांबवलं. उलटही होतं. "पॉझिटिव्ह आहे, पण तसं काही नाही" असं ऐकून खरा रुग्ण वर्षानुवर्षं औषधाविना राहतो.

म्हणून दुसरी तपासणी हवीच. तिचं नाव इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. त्यासाठी शिरेतून थोडं रक्त घेऊन मोठ्या प्रयोगशाळेत पाठवतात. अहवाल यायला दिवस लागतात, तेव्हा पावतीचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा आणि अहवाल हातात पडेपर्यंत विचारत राहा.

तिसरी पायरी: अहवाल वाचा

कागदावर आकडे पुष्कळ असतात. आपण अक्षरं बघायची. प्रत्येकाला हिमोग्लोबिन कसं बनवायचं याची सूचना (जनुक) दोन ठिकाणांहून मिळते, एक आईकडून आणि एक वडिलांकडून.

एए म्हणजे दोन्ही सूचना निरोगी.

एएस म्हणजे एक निरोगी, एक सिकलसेलची. असा माणूस वाहक असतो. त्याला आजार नसतो आणि पुढे कधी होणारही नाही. शेती, नोकरी, लग्न, बाळंतपण, सगळं इतरांसारखंच. लहानपणी मलेरियाचा घातक प्रकार वाहकांना कमी त्रास देतो, आणि म्हणूनच जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता अशा जंगलपट्ट्यांत ही सूचना टिकून राहिली. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या वाहक मुलांना मात्र एक सांगणं आहे. तहानलेल्या अंगाने, भर उन्हात जिवाच्या आकांताने एकदम पळू नका. सराव हळूहळू वाढवा, पाणी पीत राहा आणि गरगरलं किंवा पायात गोळे आले की थांबा. लघवीतून रक्त गेलं तर डॉक्टरांना दाखवा.

एसएस म्हणजे दोन्ही सूचना सिकलसेलच्या. हा रुग्ण. याला आयुष्यभर औषध आणि देखरेख लागते.

कधी एससोबत थॅलेसेमियाचा, म्हणजे रक्ताच्या दुसऱ्या एका आनुवंशिक आजाराचा, उल्लेख असतो. त्या माणसालाही एसएससारखाच त्रास होऊ शकतो, त्यामुळे तो अहवाल डॉक्टरांकडूनच समजून घ्या.

चौथी पायरी: सुपारी फुटण्याआधी दाण्यांचा हिशोब

वर्गात मी हा प्रयोग दरवर्षी करून घेतो. घरी करायला दहा मिनिटं पुरतात. दोन वाट्या घ्या, एक आईची आणि एक वडिलांची. दोघेही वाहक आहेत असं धरून प्रत्येक वाटीत एक तुरीचा आणि एक उडदाचा दाणा टाका. तूर म्हणजे निरोगी सूचना आणि उडीद म्हणजे सिकलसेलची. आता डोळे मिटून प्रत्येक वाटीतून एक दाणा उचला. हातात जी जोडी आली ते तुमचं मूल. वहीत लिहा आणि दाणे आपापल्या वाटीत परत टाका. असं चाळीस वेळा करा.

साधारण दहा वेळा तूर-तूर येईल, वीसेक वेळा तूर-उडीद आणि दहाच्या आसपास उडीद-उडीद. म्हणजे प्रत्येक गर्भारपणात एसएस मूल होण्याची शक्यता 25 टक्के.

दाणे परत टाकायला मुलं विसरतात, आणि सगळी गोम तर तिथेच आहे. "पहिलं मूल आजारी झालं, आता पुढची तीन चांगली होतील" असा हिशोब गावात सर्रास ऐकू येतो. तो चूक आहे. दर वेळी दाणे वाटीत परत जातात आणि शक्यता पुन्हा तेवढीच उरते. एखाद्या घरात चारही मुलं निरोगी असतात, तर दुसऱ्या घरात ओळीने दोघं आजारी.

आता एका वाटीतला उडीद काढून तिथे तूर टाका, म्हणजे एक वाहक आणि एक निरोगी जोडीदार. कितीही वेळा उचला, उडीद-उडीद येणारच नाही. निम्मी मुलं वाहक होऊ शकतात, आजारी एकही नाही. एका वाटीत दोन्ही उडीद आणि दुसरीत दोन्ही तूर असतील तर सगळी मुलं वाहक. रुग्ण आणि वाहक अशी जोडी असेल तर मात्र निम्मी शक्यता आजारी मुलाची.

म्हणून लग्न ठरवताना दोघांचे अहवाल समोरासमोर ठेवा. दोघांचे, हे मी मुद्दाम सांगतो. मुलीचा अहवाल मागायचा आणि मुलाचं रक्त तपासायचंही नाही, हा अन्याय आहे. त्याने कामही होत नाही, कारण मुलाला सूचना दोघांकडूनही मिळते. दोन वाहकांनी लग्न करूच नये असं मी म्हणत नाही. केलं तर गर्भ राहिल्याबरोबर डॉक्टरांना सांगावं. दहा-बारा आठवड्यांच्या सुमारास वारेचा बारीक तुकडा तपासून बाळाचा प्रकार कळू शकतो. ही सोय मोठ्या शहरातल्या रुग्णालयातच मिळते, त्यामुळे चौथा-पाचवा महिना उजाडण्याची वाट पाहू नये.

पाचवी पायरी: घरात रुग्ण असेल तर

बाळ सहा महिन्यांचं झालं की गर्भातलं हिमोग्लोबिन ओसरतं आणि त्रास सुरू होतो. पहिली खूण पुष्कळदा हातापायांची सुजलेली बोटं. बाळ हात लावू देत नाही, रडत राहतं.

फॉलिक ॲसिडची गोळी रोज द्यायची. लोहाची गोळी मात्र मनाने सुरू करू नका. इथे रक्त कमी होतं ते पेशी फुटल्यामुळे, आणि बाटल्या चढवलेल्या रुग्णाच्या अंगात लोह आधीच जास्त असू शकतं. पाच वर्षांखालच्या मुलाला डॉक्टर पेनिसिलिन देतात, ते चुकवू नये. न्यूमोनियाची लस वेळेवर टोचून घ्यावी. हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने गर्भातल्या प्रकारचं हिमोग्लोबिन पुन्हा वाढतं आणि कळा येण्याचं प्रमाण घटतं. ते सुरू असताना ठरलेल्या वेळी रक्ततपासणी करावी लागते. मूल हवं असेल तर नवरा असो की बायको, आधी डॉक्टरांशी बोलावं.

कळा सुरू होण्यामागे बहुतेकदा एखादं निमित्त असतं. पाणी कमी पडणं, कडक ऊन, सातपुड्यातल्या तोरणमाळसारखी थंडी, ताप किंवा अतिश्रम. वैशाखात आपल्याकडे पारा 44-45 अंशांवर जातो, तेव्हा रुग्णाला तहान लागायची वाट पाहू नका. शाळेत पाण्याची बाटली आणि लघवीला जायची मोकळीक, या दोन गोष्टी मी माझ्या वर्गात कुणाच्याच परवानगीविना देतो. कळ आली तर भरपूर पाणी, पॅरासिटामॉल, ऊबदार शेक आणि विश्रांती. बर्फ लावू नका, थंडीने शिरा आकसतात आणि दुखणं वाढतं.

आयांनी एक गोष्ट शिकून घ्यावी: प्लीहा (पोटातला रक्त गाळणारा अवयव) चाचपणं. मूल शांत निजलेलं असताना डाव्या बरगडीच्या खाली बोटांनी हलकेच दाबून पाहायचं. डॉक्टरांकडून एकदा दाखवून घ्या आणि मग रोज बघा. मूल अचानक पांढरं पडलं, मलूल झालं आणि तो भाग फुगून टणक लागला, तर रक्त प्लीहेत साठतं आहे. हातात काही तासच असतात. 108 ला फोन करा.

तसंच 101 अंशांवर ताप, छातीत दुखून धाप लागणं, एकाएकी तोंड वाकडं होणं किंवा हातपाय लुळा पडणं, यातलं काहीही झालं तर रात्र काढू नका. मोठ्या मुलांना लिंग ताठ राहून दुखण्याचा त्रास होतो आणि लाजेपोटी ते बोलत नाहीत. त्यांना वडिलांनी किंवा शिक्षकांनी आधीच सांगून ठेवावं, की असं झालं तर पाणी प्यायचं, लघवी करायची, आणि दोन तासांत उतरलं नाही तर थेट रुग्णालय.

बाहेरगावी कामाला जाताना

दिवाळीनंतर आपल्याकडची कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात, काही वीटभट्टीवर, तर काही नंदुरबारच्या मिरची पथारींवर (मिरची वाळवायच्या मैदानांवर). गाठोडं बांधताना अहवालाची मूळ प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि तिचा फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये असू द्या. जितके महिने बाहेर राहणार तितक्या गोळ्या आरोग्य केंद्रातून आधीच मागा. निघायच्या आदल्या दिवशी तिथे गेलात तर साठा नसतो, म्हणून पंधरा दिवस आधी जा. मुकादमाला सांगून ठेवा की या मुलाला ताप आला तर गाडी लागेल. आणि पोचल्या दिवशीच अड्ड्यापासून सगळ्यात जवळचा सरकारी दवाखाना कुठे आहे, हे स्वतः चालत जाऊन बघून या.