ऑप्शनचे शब्द नीट समजून घ्या: नव्या ट्रेडरनी टाळायच्या चुका

ऑप्शनमध्ये नव्याने येणारे बहुतेक जण आधी स्ट्रॅटेजी विचारतात, शब्दांचे अर्थ नंतर. हे उलटं आहे. ऑप्शन हा करार असतो: ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या भावाने घेण्याचा (कॉल) किंवा विकण्याचा (पुट) हक्क, आणि त्यातल्या प्रत्येक शब्दामागे रुपये असतात. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शनमधल्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडरना तोटा झाला. या सगळ्यांचं बाजाराचं भाकीत चुकलं असेल असं नाही. भाकीत बरोबर येऊनही पैसे जातात, कारण आपण नेमकं काय विकत घेतलं हेच ठाऊक नसतं.

प्रीमियमला शेअरच्या भावासारखं समजणं

सर्वांत जास्त पैसे याच चुकीत जातात, म्हणून यावर थोडं थांबू.

निफ्टी २५,००० वर आहे. तुम्ही २५,२०० चा कॉल, म्हणजे २५,२०० सीई, ८० रुपयांना घेतला. २५,२०० हा स्ट्राइक, म्हणजे करारातला ठरलेला भाव; ८० हा प्रीमियम, म्हणजे त्या हक्काची किंमत. स्ट्राइक बाजारभावाच्या वर आहे, म्हणून हा कॉल ओटीएम (आउट ऑफ द मनी). एक्सपायरीला, म्हणजे करार संपण्याच्या दिवशी, निफ्टी २५,२३० वर बंद झाला. २३० अंकांची तेजी आली, दिशा अगदी बरोबर निघाली. पण कॉलची किंमत उरली फक्त ३० रुपये. ६५ च्या लॉटवर (लॉट म्हणजे एका सौद्यातली ठरलेली संख्या) ५० गुणिले ६५, म्हणजे ३,२५० रुपयांचा तोटा. ब्रेकइव्हन, म्हणजे ना नफा ना तोटा होणारा आकडा, २५,२०० वर नव्हताच, तो स्ट्राइक अधिक प्रीमियम म्हणजे २५,२८० वर होता. पुटसाठी स्ट्राइकमधून प्रीमियम वजा करा. ऑर्डर टाकण्याआधी हा आकडा कागदावर लिहायचा. अ‍ॅपमधला रंगीत ग्राफ बघून हे काम होत नाही.

प्रीमियमचे दोन भाग असतात. पहिला इन्ट्रिन्सिक व्हॅल्यू, म्हणजे ऑप्शन आत्ता या क्षणी जितका आयटीएम (इन द मनी: कॉलसाठी बाजारभाव स्ट्राइकच्या वर, पुटसाठी खाली) आहे तितके रुपये. उरलेली सगळी टाइम व्हॅल्यू. ओटीएम ऑप्शनमध्ये इन्ट्रिन्सिक शून्य असतं, म्हणजे तुम्ही मोजलेला प्रत्येक रुपया टाइम व्हॅल्यूचा. ती रोज सारख्या हप्त्याने झिजत नाही. एटीएम, म्हणजे स्ट्राइक बाजारभावालगत असलेल्या ऑप्शनची टाइम व्हॅल्यू ढोबळमानाने उरलेल्या दिवसांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चालते. १६ दिवस उरले असताना २०० रुपये असेल, तर बाकी काही न बदलता ४ दिवस उरले की १०० आणि १ दिवस उरला की ५०. पहिले शंभर जायला १२ दिवस लागले, पुढचे पन्नास तीनच दिवसांत गेले. ‘थांबू या, येईल वर’ ही शेअरमधली सवय इथे महागात पडते ती यामुळेच.

टाइम व्हॅल्यू फुगवणारी किंवा आटवणारी दुसरी गोष्ट म्हणजे इम्प्लाइड व्होलॅटिलिटी, आयव्ही: पुढे किती चढउतार होतील याचा प्रीमियममधून दिसणारा बाजाराचा अंदाज. ४ जून २०२४ आठवा. लोकसभेच्या निकालाच्या दिवशी निफ्टी जवळपास ६ टक्के कोसळून २१,८८४ वर बंद झाला आणि इंडिया व्हीआयएक्स, म्हणजे निफ्टी ऑप्शनवरून काढलेला चढउताराच्या अंदाजाचा निर्देशांक, २६ च्या वर होता. दुसऱ्या दिवशी निफ्टी ७३५ अंक उसळला, पण व्हीआयएक्स १९ च्या आसपास उतरला. भीती एका दिवसात ओसरली आणि तिच्यासाठी मोजलेला प्रीमियमही ओसरला. हिशोब करून बघा: निफ्टी २२,००० आणि एक्सपायरी ७ दिवसांवर धरली, तर २६.७ टक्के आयव्हीला एटीएम कॉल साधारण ३२५ रुपयांचा होतो आणि १९ टक्क्यांना साधारण २३०. निफ्टी एक अंकही न हलता ९५ रुपये गेले. त्या दिवशी पुटवाल्यांना तर दोन्हीकडून मार बसला: निफ्टी चढला आणि आयव्हीही उतरली. बजेट, निवडणूक निकाल, कंपनीचे तिमाही आकडे यांच्या तोंडावर ऑप्शन विकत घेताना आधी ऑप्शन चेनमधला (सगळ्या स्ट्राइकचे भाव दाखवणारा तक्ता) आयव्हीचा रकाना बघा. तो चढलेला असेल तर घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

लॉट आणि एक्सपायरी पाठ करून ठेवणं

दोन्ही बदलतात. निफ्टीचा लॉट २५ होता, नोव्हेंबर २०२४ मध्ये ७५ झाला, नंतर ६५ वर आला. निफ्टीची एक्सपायरी वर्षानुवर्षं गुरुवारी असायची, १ सप्टेंबर २०२५ पासून ती मंगळवारी आली, आणि त्या दिवशी सुट्टी असेल तर आदल्या कामकाजाच्या दिवशी. जुन्या व्हिडिओवरून शिकू नका, कॉन्ट्रॅक्टचा तपशील उघडून बघा.

‘विकणे’ या शब्दाचे दोन अर्थ

घेतलेला कॉल विकला की सौदा संपतो, त्याला स्क्वेअर ऑफ म्हणतात. जवळ नसलेला कॉल विकला की तुम्ही ऑप्शन रायटर होता: मिळकत प्रीमियमपुरती, तोट्याला मर्यादा नाही, आणि मार्जिन, म्हणजे ब्रोकरकडे ठेवावी लागणारी तारण रक्कम, अडकतं ते वेगळंच. घाईत ऑप्शन चेनमधून शेजारच्या स्ट्राइकवर सेल दाबलं, की जुना सौदा तसाच राहतो आणि नवा शॉर्ट, म्हणजे जवळ नसताना विकलेला सौदा, उभा होतो. बाहेर पडायचं ते नेहमी पोझिशन्सच्या पानावरून.

शेअरचा ऑप्शन एक्सपायरीपर्यंत धरून ठेवणं

निफ्टीचा ऑप्शन रोखीत मिटतो. शेअरचे ऑप्शन ऑक्टोबर २०१९ च्या एक्सपायरीपासून सक्तीने डिलिव्हरीत, म्हणजे प्रत्यक्ष शेअर्स देऊन-घेऊन, मिटतात. या एका फरकाने छोटी खाती अडचणीत येतात.

समजा, ५०० शेअर्सच्या लॉटचा १,००० चा कॉल तुम्ही १२ रुपयांना घेतला. खिशातून गेले ६,०००. एक्सपायरीच्या दिवशी तीन वाजता शेअर ९९८ वर होता. आता हा शून्य होणार म्हणून तुम्ही स्क्रीन बंद केली. पण बंद भाव शेवटच्या अर्ध्या तासाच्या सरासरीवर ठरतो, आणि तो १,००४ निघाला. कॉल आयटीएम झाला, आपोआप एक्सरसाइज झाला, म्हणजे हक्क वापरला गेला. आता ५०० शेअर्स १,००० ने घ्यायचे, म्हणजे ५ लाख रुपये उभे करायचे. डिलिव्हरीचा एसटीटी (शेअरच्या सौद्यावरचा कर) आणि ब्रोकरेज त्यावर वेगळं. आयटीएम झालेला पुट असता तर ५०० शेअर्स द्यावे लागले असते, आणि डिमॅटमध्ये ते नसतील तर लिलावात जो भाव लागेल तो फरक तुमच्या माथी.

आयटीएम खरेदीवर एक्सपायरीच्या आधीचे चार दिवस डिलिव्हरी मार्जिन पायरीपायरीने चढत जातं. ते भरलं नाही तर ब्रोकर मिळेल त्या भावाला सौदा कापतो. त्यामुळे शेअरचा ऑप्शन एक्सपायरीच्या आठवड्याआधीच सोडायचा. शेवटच्या दिवशीचा ‘हिरो-झिरो’, म्हणजे एक तर मोठा नफा नाही तर सगळं शून्य असा डाव, निदान शेअरच्या ऑप्शनमध्ये तरी कुणी करू नये.

बारीकसारीक

व्हॉल्यूम म्हणजे दिवसभरात झालेले सौदे, ओपन इंटरेस्ट म्हणजे अजून उघडे असलेले. व्हॉल्यूम मोठा आणि ओपन इंटरेस्ट तेवढाच राहिला, तर नवे आले तितकेच जुने गेले. कॉलचा ओपन इंटरेस्ट वाढला म्हणजे तेजी, हेही खरं नाही. प्रत्येक उघड्या कॉलमागे एक घेणारा आणि एक विकणारा असतो.

स्वस्त म्हणून दूरच्या स्ट्राइकचा २ रुपयांचा कॉल घेण्याआधी त्याचा डेल्टा बघा, म्हणजे निफ्टी एक अंक हलला तर प्रीमियम किती रुपये हलतो ते. ०.०३ असेल तर निफ्टी १०० अंक चढल्यावर जेमतेम ३ रुपये हाती येतात, तेही त्याच दिवशी चढला तर.

शेअरच्या दूरच्या स्ट्राइकवर बिड (घेणाऱ्याचा भाव) ४ आणि आस्क (विकणाऱ्याचा भाव) ७ असू शकतो. मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाची ऑर्डर, टाकली तर सौदा होताक्षणीच ३ रुपये गेले. तिथे लिमिट ऑर्डरच, म्हणजे आपण ठरवलेल्या भावाची, टाकायची.