रोजच्या कामाच्या मशीनवर लिनक्स टाकण्याआधी

आधी हे ठरवा, की मशीन अडलं तर दुरुस्तीला कोण बसणार. ‘मीच, आणि मला त्यात मजा येते’ असं उत्तर असेल तर लिनक्सच्या अनेक प्रकारांपैकी (डिस्ट्रोंपैकी) आर्च खुशाल घ्या. मशीन आईचं किंवा दुकानाच्या गल्ल्यावरचं असेल तर डेबियन स्टेबल नाहीतर लिनक्स मिंट. इथे माझ्या मते वादाला जागाच नाही.

मग अपडेटची सवय तपासा, कारण खरा फरक तिथेच पडतो. आर्च रोलिंग आहे. त्यात आवृत्त्या नसतात, पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे तयार संच) सतत येत राहतात आणि पॅकमनने, म्हणजे आर्चच्या पॅकेज बसवणाऱ्या साधनाने, अपडेट करायचं तर सगळं एकदम. एकच पॅकेज नवं घेऊन बाकी जुनं ठेवलं, तर लायब्ररींचा (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात त्या कोडच्या भागांचा) मेळ बसत नाही. त्यातही आधी आर्चच्या साइटवरच्या सूचना वाचायच्या, एखाद्या वेळी हाताने काही करावं लागतं. महिनोन्‌महिने कपाटात पडून राहणाऱ्या लॅपटॉपला हे झेपत नाही. डेबियनची नवी आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते (१३वी, ट्रिक्सी, ऑगस्ट २०२५ मध्ये आली). मधल्या काळात मुख्यतः सुरक्षेच्या आणि बग काढण्याच्या दुरुस्त्या. सॉफ्टवेअर जुनं वाटलं तर तेवढं फ्लॅटपॅकमधून (मूळ सिस्टिमला हात न लावता अ‍ॅप बसवण्याची सोय) घ्या.

याहून कडक हवं असेल तर फेडोरा सिल्व्हरब्लू पाहा. त्यात मूळ सिस्टिम फक्त वाचता येते, अपडेट रीबूटनंतर लागू होतं आणि बिघडलंच तर बूट मेन्यूतून आधीची प्रत निवडता येते. मात्र प्रिंटर कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर बसवताना हीच शिस्त आडवी येते.

म्हणून काहीही पुसण्याआधी लाइव्ह यूएसबीवरून (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालणारं लिनक्स) वायफाय, आवाज, स्लीपमधून जागं होणं आणि इनस्क्रिप्टने मराठी टायपिंग तपासा. जीएसटीसाठी डिजिटल सहीचा टोकन वापरत असाल तर त्याचा लिनक्स ड्रायव्हर मिळतो का, हे आधीच बघा. अनेकांचं घोडं तिथेच अडतं.

बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या. मिंटमधलं टाइमशिफ्ट सिस्टिमच्या प्रती ठेवतं, तुमचे फोटो नाही; होम फोल्डर ते मुळात वगळतंच. आणि आर्चच घेणार असाल तर एलटीएस कर्नलही (सिस्टिमच्या गाभ्याची दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती) सोबत टाका, म्हणजे नव्या कर्नलवर वायफाय रुसलं तरी काम थांबत नाही.