कलाकारांबद्दल बोलताना त्यांच्या शरीरावर घसरू नये म्हणून

माझी १३ वर्षांची भाची शेजारी बसली होती आणि मी टीव्हीवरच्या नटीकडे बघून म्हणाले, "किती सुटलीये ही!" भाचीनं गुपचूप उशी पोटावर ओढून घेतली. ते मला अजून खुपतं. तेव्हापासून काही गोष्टी मी कटाक्षानं पाळते.

शेरा ओठांवर आला की तो कामाकडे वळवा. आवाज, संवादफेक, नाचातली लय, बोलण्यासारखं पुष्कळ असतं.

"बारीक झाली, छान दिसते" हे कौतुकही नको. वजन का उतरलं, हे आपल्याला ठाऊक नसतं. २०२० मध्ये हॉलिवूडचा अभिनेता चॅडविक बोसमन एका व्हिडिओत खंगलेला दिसला, तेव्हा लोकांनी वाट्टेल ते तर्क लढवले, काहींनी खिल्लीही उडवली. त्याला २०१६ मध्येच मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं निदान झालं होतं; त्यानं ते जाहीर केलं नव्हतं. २०२०च्याच ऑगस्टमध्ये, ४३व्या वर्षी, तो गेला. वजन वाढण्यामागेही स्टेरॉइडची औषधं, बाळंतपण, थायरॉइड असं काहीही असू शकतं.

कलाकार स्वतः आजाराबद्दल बोलला असेल, तर तो जेवढं बोलला तेवढंच बोला.

दुसऱ्या कुणी विषय काढला तर "जाड कुठे आहे ती?" असा बचाव करू नका, त्यानं जाड असणं हा दोषच ठरतो. मी सरळ विचारते, "काम कसं वाटलं तिचं?" आणि उत्तराची वाट बघते. भाची शेजारी असेल तर आवर्जून.