कोन स्नेलच्या विषावर काम सुरू करताय?

कोनस जिओग्राफस या समुद्री गोगलगायीवर काम करायचं ठरवलं असेल, तर आधी काही रात्री तिच्या टाकीसमोर बसून काढा. मी थेट विषाच्या नळ्यांपासून सुरुवात केली आणि जवळजवळ वर्ष वाया घालवलं.

माझ्या नळ्यांवर फक्त तारखा होत्या. त्यांतल्या दोन नमुन्यांचे आलेख एकमेकांशी जुळेनात. मी यंत्र तपासलं, रसायनं बदलली, तरी फरक पडला नाही. पुढे 2014 चा एक शोधनिबंध वाचला आणि उलगडा झाला: ही गोगलगाय शिकारीसाठी एक विष वापरते आणि बचावासाठी दुसरं. दोन्ही एकाच विषनलिकेच्या वेगवेगळ्या भागांत तयार होतात. नमुना घेताना तिच्यापुढे मासा होता की कुणी तिला डिवचलं होतं, हे मी कुठेच लिहिलं नव्हतं. सगळे नमुने टाकून द्यावे लागले.

मग टाकीसमोर बसले. ती वाळूतून वर आली आणि श्वासनळी, म्हणजे पाणी आत ओढणारी बाहेरची नळी, हलवत पाण्यातला वास घेऊ लागली. तोंड जाळ्यासारखं पसरलं. मासा पळाला नाही, सुस्तावून आत गेला. तिच्या विषात माशांच्या इन्सुलिनसारखंच इन्सुलिन असतं. माशाची साखर उतरते आणि तो मंदावतो. सूक्ष्मदर्शकाखाली तिचा दात पाहा: कागदाची सुरळी करावी तसा गुंडाळलेला, पोकळ आणि टोकाला काटे असलेला. एक दात एकदाच वापरायचा. पुढचे पिशवीत तयार असतात.

जिवंत शंख हातात घेऊ नका, रुंद टोकाकडूनही नाही. विषारी दात मारणारी सोंड सगळीकडे पोहोचते. या विषावर उतारा नाही. श्वसनाचे स्नायू लुळे पडले तर विष उतरेपर्यंत कृत्रिम श्वास देत राहावं लागतं. म्हणून प्रयोगशाळेत एकटं थांबू नका.

रसायनशास्त्रात पेप्टाइडची, म्हणजे विषातल्या अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीची, घडी सगळ्यात जास्त छळते. साखळीत सिस्टीन हे एकमेकांशी जोडी जमवणारं अमिनो आम्ल सहा वेळा असलं तर त्यांच्या तीन जोड्या 15 प्रकारे लागू शकतात. अमिनो आम्लांचा क्रम अचूक असला तरी चुकीच्या घडीचा रेणू बहुधा निकामीच ठरतो. कोनस मॅगस या दुसऱ्या कोन स्नेलच्या विषातून आलेलं झिकोनोटाइड, ज्याला अमेरिकेत 2004 मध्ये तीव्र वेदनांवरचं औषध म्हणून मान्यता मिळाली, त्यातही अशाच तीन जोड्या आहेत.

आता माझ्या प्रत्येक नळीवर तारखेखाली दोन शब्दांपैकी एक असतो: ‘मासा’ किंवा ‘डिवचली’.