इंग्लंडमध्ये शिकवायला निघालात? बडोदेकरांनो, नव्या गावात या चुका टाळा

२०२३ पासून भारतातल्या गणित, सायन्स आणि भाषा शिकवणाऱ्यांना इंग्लंडचं क्यूटीएस, म्हणजे तिकडची शिक्षकाची सरकारमान्य पात्रता, इथूनच अर्ज करून मिळायला लागलं, तेव्हापासून एमएस युनिव्हर्सिटीतून बीएड केलेलं कोणी ना कोणी निघालेलंच असतं. मी तिकडे शिकवून परत आलेय म्हणून आमच्या दांडिया बाजारातल्या घरी विचारायला येतात, आणि सगळ्यांचे प्रश्न व्हिसाचे. व्हिसा होतो हो. माणूस अडकतो तो तिकडे पोचल्यावर, पहिल्या दोन-तीन महिन्यांत.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे शाळा एका गावात आणि बिऱ्हाड लेस्टरला. कोणाचे मामा तिथे, कोणाच्या मावशीचे दीर, बेलग्रेव्ह रोडवर आपल्यासारखंच सगळं खायला मिळतं, मग नोकरी लिंकनशायरच्या एखाद्या कोपऱ्यातल्या गावात असली तरी ‘ट्रेनने जाऊ की’ म्हणून तिथेच खोली घेतात. नकाशावर अंतर बडोदा-अहमदाबादपेक्षा कमीच दिसतं आणि अपडाऊन तर आपल्या रक्तातच आहे. पण तिकडे छोट्या गावाला तासाला एक गाडी, ती कॅन्सल झाली की पहिला पिरियड गेला, संध्याकाळनंतर बस नाही, डिसेंबरात चारच्या आत अंधार, आणि तिकिटात पगाराचा चांगला लचका जातो तो वेगळाच. त्याहून वाईट म्हणजे शाळेच्या गावात तुम्हाला कोणी ओळखतच नाही. सुपरमार्केटात विद्यार्थ्यांची आई भेटते, पोरं लांबून हात करतात, यातूनच वर्गात पुढे वजन येतं. शनिवार-रविवार लेस्टरला खुशाल जा, पण घर शाळेच्या गावातच घ्या.

घर बघितल्याशिवाय पैसे पाठवू नका, फोटो कितीही गोड असू देत. पहिले दोन-तीन आठवडे एखाद्या घरात नुसती खोली घ्या, शाळेच्या ऑफिसात विचारा, तिथल्या बायकांना सगळं गाव पाठ असतं. कायद्याने होल्डिंग डिपॉझिट (घर आपल्यासाठी राखून ठेवायचे पैसे) एका आठवड्याच्या भाड्याएवढंच घेता येतं आणि मुख्य डिपॉझिट साधारण पाच आठवड्यांचं, कोणी जास्त मागितलं तर तिथूनच मागे फिरा. डिपॉझिट ३० दिवसांत सरकारमान्य स्कीममध्ये ठेवावं लागतं, त्याचा कागद मागून घ्या. ई-व्हिसाचा शेअर कोड (इथे राहण्याची परवानगी आहे हे ऑनलाइन दाखवायचा नंबर) तयार ठेवा, त्याशिवाय घरमालक पुढे बोलणार नाही. किल्ली मिळाली की त्याच दिवशी लाइट-गॅसच्या मीटरचे फोटो आणि भिंतीवरच्या प्रत्येक डागाचा फोटो काढून एजंटला मेल करून टाका.

मग येतो काउन्सिल टॅक्स. आपल्याकडे वेरा, म्हणजे घरपट्टी, घरमालक भरतो म्हणून ते पाकीट त्याचं समजून लोक टेबलावर टाकून देतात. तिकडे तो बहुतेक वेळा भाडेकरूच्याच माथी असतो, आणि एकटे राहत असाल तर २५ टक्के सूट आहे पण ती मागावी लागते. पत्रं साठलीच असतील तर लपून बसू नका, काउन्सिलला फोन करा, हप्ते बांधून देतात.

घरातला ओलावा हा प्रकार बडोद्याच्या माणसाला माहीतच नसतो. इथे गच्चीवर टाकलं की तासाभरात कपडे वाळतात, तिकडे थंडीत हीटिंग वाचवायला खिडक्या बंद, रेडिएटरवर ओली जीन्स, शेजारच्या शेगडीवर कुकर, आणि महिन्याभरात कपाटामागची भिंत काळी. ती बुरशी दिसली की पुसा, रोज थोडा वेळ खिडकी उघडा, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, आणि तरी थांबली नाही तर घरमालकाला लेखी कळवा, नाहीतर डिपॉझिटमधून कापतील. फोडणीचं तर विचारू नका. मोहरी तडतडायला लागली, लाल मिरची टाकली की स्मोक अलार्म बोंबलतो. अलार्मची बॅटरी काढणं किंवा त्यावर मोजा चढवणं असले उद्योग करू नका, एक्झॉस्ट आधी चालू करा, स्वयंपाकघराचं दार लावा, तेल जरा कमी तापवा.

तब्येतीचं: हेल्थ सरचार्ज व्हिसाबरोबरच भरलेला असतो (सध्या मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पाउंड), तरी लोक जीपीकडे, म्हणजे गावातल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवत नाहीत आणि ताप आला की धावपळ. रावपुऱ्यातल्या मेडिकलवाल्यासारखं कोणी ‘हे तीन दिवस घ्या’ म्हणून अँटिबायोटिक देत नाही. पहिल्याच आठवड्यात नाव नोंदवा, रात्रीबेरात्री १११ या आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा.

पैशाचं थोडक्यात. पगार महिन्याच्या शेवटी, म्हणजे सप्टेंबरात लागलात तर तोपर्यंत घरचेच पैसे, ते जवळ ठेवा. पहिल्या स्लिपमध्ये टॅक्स जास्त कापलेला दिसला तर बहुधा इमर्जन्सी कोड (तात्पुरता टॅक्स कोड) लागलाय, टॅक्स ऑफिसला कळवलं की पुढच्या पगारांत जुळवून देतात.

घरच्यांनाही एक सांगून ठेवा. टर्म चालू असताना शिक्षकाला रजा मिळत नाही, नवरात्र असो नाहीतर चुलत बहिणीचं लग्न. ‘सासूबाईंनी जानेवारीचा मुहूर्त काढलाय’ हे हेडटीचरला सांगून उपयोग नाही. टर्म डेट्स आधीच घरच्या ग्रुपवर टाका.

स्टाफरूममध्ये आपला मग घेऊन जा. कपाटातला दुसऱ्याचा उचललात तर कोणी बोलणार नाही पण आठवडाभर चर्चा होईल, चहा-दुधाची वर्गणी असते तीही विचारून द्या. शुक्रवारी पबमध्ये बोलावलं तर नुसता ऑरेंज ज्यूस घेऊन बसा, पण जा, अर्धी शाळा तिथेच कळते. कचऱ्याचे डबे कुठल्या रंगाचे कुठल्या दिवशी बाहेर ठेवायचे हे शेजारच्या आजीला विचारा, ओळखही होते.

आणि गाडी. गुजरातच्या लायसन्सवर तिथे राहायला लागल्यापासून १२ महिनेच चालवता येतं, ते तिकडच्या लायसन्सशी बदलून मिळत नाही, पुढे परत थिअरी आणि प्रॅक्टिकल द्यावीच लागते. टेस्टच्या तारखा कित्येक महिने पुढच्या मिळतात, त्यामुळे दिवाळीच्या आत प्रोव्हिजनलचा, म्हणजे तिकडच्या शिकाऊ लायसन्सचा, अर्ज टाकून मोकळे व्हा.